बद्रीनाथला लागणारी स्क्रीन

बद्रीनाथला शेणाची किळस कधी आली नाही. करमाडच्या घरी दोन म्हशी होत्या. रोज पहाटे त्यांच्याखालचं शेण तो हातांनी भरायचा, पाटी उकिरड्यावर रिकामी करायचा आणि हात धुऊन भाकरीला बसायचा. त्याला किळस यायची ती माणसांची. दुसऱ्याचा हात जिथे लागून गेला आहे, ओठ जिथे टेकून गेले आहेत, अशी वस्तू नुसती पाहिली तरी त्याच्या पोटात ढवळायचं. टपरीवरचा चहा तो पीत नसे. लग्नात पंगतीला बसत नसे, कारण एका लग्नात वाढप्याचा अंगठा वरणात बुडालेला त्याने पाहिला होता. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती, पण अंगठा त्याच्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता. बसमध्ये बसण्याआधी तो सीट रुमालाने पुसायचा, आणि मग तो रुमाल वेगळ्या पिशवीत ठेवायचा.

"देवानं चुकून शेतकऱ्याच्या घरी टाकलं या माणसाला," वच्छलाबाई, त्याची बायको, आल्यागेल्याला सांगायची. "मठात टाकायचं व्हतं."

शहरात नोंदणी कार्यालयासमोरच्या गल्लीत सुदर्शनचं दस्तलेखनाचं दुकान होतं. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, जे काही कागदावर उतरवून सरकारात नोंदवायचं ते इथे टाईप व्हायचं. बद्रीनाथ सुदर्शनच्या वडिलांच्या वेळेपासून इथे टायपिस्ट होता. अठ्ठावीस वर्षं. टाईपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, जुन्या दस्तातलं औरंगाबाद नव्या दस्तात छत्रपती संभाजीनगर झालं, पण बद्रीनाथच्या हातून कधी एक ओळ गळली नव्हती. हाताने लिहिलेला कच्चा मसुदा डावीकडच्या फळीवर चिमट्याने लावायचा, एका साध्या एडिटरमध्ये तो जसाच्या तसा उतरवायचा, मग सुदर्शन तो मजकूर छापायच्या साच्यात ओतायचा. काम सकाळी आठ ते दोन. दोनला दुकान तासभर बंद व्हायचं, आणि सव्वादोनला त्याची करमाडकडची बस असायची.

गेल्या पावसाळ्यानंतर काम वाढलं, तेव्हा सुदर्शनने दुपारी तीन ते आठ या वेळेसाठी अनसूयाबाई नावाच्या एक बाई ठेवल्या. पूर्वी त्या एका छापखान्यात अक्षरजुळणीचं काम करायच्या. मराठी टायपिंगचा कॉम्प्युटर दुकानात एकच. सकाळी तो बद्रीनाथचा, दुपारी बाईंचा. दोघांची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं आणि ती पडलीही नाही. त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवाला येऊन मशीनमध्ये काही नवं टाकून गेला, पण बद्रीनाथचं तिकडे लक्ष नव्हतं. त्याचं लक्ष बाईंच्या खुणांकडे होतं.

पहिल्या सकाळी तो खुर्चीवर बसला, आणि त्याला स्क्रीनवर एक आडवा फराटा दिसला. तेलकट. कुणीतरी बोट टेकवून डावीकडून उजवीकडे ओढत नेलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. वास घेऊ नये हे कळत असूनही त्याने वास घेतला. औषधी तेलाचा, जुनाट, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत येतो तसा वास. की-बोर्डच्या बटणांवरही तोच बुळबुळीत थर. बद्रीनाथने कापूस ओला करून एकेक बटण पुसलं. कापूस पिवळट झाला. तो चिमटीत धरून बाहेर टाकून येईपर्यंत त्याने श्वास घेतला नाही.

मग त्याने टायपिंग सुरू केलं, आणि स्क्रीन हलली.

आजवर पान जागच्या जागी असायचं आणि ओळी खाली खाली जायच्या, विहिरीत पोहरा सोडावा तशा. आता तो ज्या ओळीवर असेल ती ओळ पडद्याच्या मधोमध ठाण मांडून बसायची, आणि प्रत्येक नव्या ओळीला सगळं पान आपोआप वर सरकायचं. डोळा मसुद्यावरून स्क्रीनवर आला की तिथलं सगळं इकडचं तिकडे झालेलं. दहाव्या ओळीला त्याच्या तोंडाला मळमळीचं पाणी सुटलं. विसाव्या ओळीला तो उठून मोरीकडे गेला.

बद्रीनाथला लहानपणापासून बस लागायची. करमाड ते शहर हा जालना रोडचा सरळसोट रस्ता, पण त्यावरही तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी, हातात मीठ लावलेलं अर्धं लिंबू घेऊन बसायचा. आता लिंबू दुकानातही लागू लागलं. बस उतरल्यावर निदान जमीन तरी स्थिर असते. इथे खुर्ची स्थिर होती आणि पोट प्रवासाला निघालं होतं.

सेटिंगमध्ये जाऊन त्याने हे बंद का केलं नाही? त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने एकदा सेटिंगला हात लावला होता, आणि सगळी मराठी अक्षरं चौकोन झाली होती. अख्ख्या दस्तात चौकोनांच्या रांगा. तेव्हा सुदर्शनने हात जोडले होते, "काका, तुम्ही मला वडलांसारखे. पन यापुढं सेटिंगला हात लावायचा नाय." बद्रीनाथने तो शब्द पाळला होता.

चौथ्या दिवशी त्याने सुदर्शनला गाठलं. "त्या बाईनं स्क्रीनचं काय करून ठेवलं बघ. पान सरकतंय."

सुदर्शनच्या एका कानाला फोन होता. "बाईंना लई कळतं त्यातलं. तुमाला कसं पायजे ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. करतील त्या."

बद्रीनाथने चिठ्ठी लिहिली. दस्त लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला पाल्हाळ आवडत नाही. त्याने सुवाच्य अक्षरात एकच वाक्य लिहिलं आणि चिठ्ठी की-बोर्डखाली अर्धी बाहेर राहील अशी ठेवली:

'मला सरकती स्क्रीन लागते. बद्रीनाथ.'

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी नव्हती. फराटा होता. आणि स्क्रीन काल झटक्याने सरकत होती ती आज सावकाश, तरंगत, लोण्यावरून घसरावी तशी सरकू लागली. झटका एक वेळ परवडला असता. पाळण्यासारखं हे झुलणं पोटाच्या तळाशी जाऊन ढवळायचं. त्या सकाळी त्याने दोन लिंबं चोखली आणि साली खणात टाकल्या. टोपली दाराशी होती आणि तिथवर चालवत नव्हतं.

"मुद्दाम करतेय," तो स्वतःशी म्हणाला, आणि दुसरी चिठ्ठी लिहिली: 'आधी लिहिले होते. मला सरकती स्क्रीन फार लागते.' 'फार'खाली दोन रेघा ओढल्या.

त्यानंतर एक ओळ संपायच्या आतच पान हलकेच वर निघू लागलं.

त्या रात्री जेवताना तो ताटावरून उठला. वच्छलाबाई म्हणाली, "काय झालं? माझाबी अंगठा वरणात दिसला का?"

"त्या बाईचं नाव काढलं की अन्न जात नाय."

"मी कुठं नाव काढलं? तुमीच काढलं. बघितली तरी का तिला?"

"बघायची गरज नाय. तिची बोटं बघतो की रोज. तेलकट, बुळबुळीत. न धुतल्या हातानं बसत असंल. वरून खोडी काढती, सांगितलं त्याच्या उलट करती. आसली मानसं मला ओळखू येतात."

"मानूस न बघता ओळखू येतं व्हय?" वच्छलाबाई ताट उचलत म्हणाली. "मग माझ्याशी लगीन करताना बघायला कशाला आले व्हते? चार जणं घेऊन? पोहे खाऊन गेले."

"पोहे खाल्ले नव्हते मी."

"व्हय. ते बी ध्यानात हाय माझ्या."

असे सहा आठवडे गेले. बद्रीनाथचा शर्ट गळ्यापाशी सैल झाला. सकाळी गल्लीत शिरतानाच त्या तेलाचा वास नाकात यायचा, अजून दुकान उघडलेलंही नसायचं. फराटा पुसायची फडकी त्याने तीनदा बदलली. बाईंचा चेहरा त्याने मनात पुरा रंगवला होता: जाड बोटं, नखांत मळ, ओठांच्या कोपऱ्यात पानाची लाली, आणि दुसऱ्याच्या जिवावर उठल्याचा आनंद.

मग सर्जेरावांचा दस्त आला.

सर्जेराव सोयगावकडचे शेतकरी. वीस वर्षांत पाच-सहा दस्त त्यांनी याच दुकानातून केले होते. आता शहराजवळ एक तुकडा घेत होते. बुधवारी सकाळी बद्रीनाथ त्यांचं खरेदीखत उतरवत होता. प्रत्येक दस्तात जमिनीची चतुःसीमा लिहावी लागते, म्हणजे चारी दिशांना काय आहे ते. चारही ओळी दिसायला सारख्या. पूर्वेस, पश्चिमेस असं टाईप झालं, पान तरंगत वर निघालं, आणि बद्रीनाथने आलेली उबळ दाबायला डोळे मिटले. लिंबू दाताखाली धरलं. डोळे उघडले तेव्हा मसुद्यात 'उत्तरेस' दिसलं. त्याने 'उत्तरेस' टाईप केलं.

बारा वाजता सर्जेराव आले. सही करण्याआधी ते दस्त मोठ्याने वाचून घेत आणि बोटं मिटत ऐकत. सुदर्शन वाचू लागला, "पूर्वेस गट क्रमांक एकशे बारा, पश्चिमेस नाला, उत्तरेस विकणाराची राहिलेली जमीन." त्याने पान उलटलं.

सर्जेरावांची तीन बोटं मिटली होती. चौथं उभंच राहिलं.

"अन् दक्षिण?"

सुदर्शनने पान मागे घेतलं, पुन्हा पाहिलं.

"दक्षिणेला तर माझा शिवरस्ता हाय," सर्जेराव म्हणाले. "ह्यो कागद झाला असता तर वावरात जायाचं कुठनं? हेलिकॉप्टरनं?"

दुकानात बसलेले चार लोक हसले. सुदर्शनही हसला, पण त्याच्या कपाळावर घाम होता. "काका, दक्षिणच खाल्ली तुम्ही! यमाची दिशा हाय ती. मोकळी सोडली का त्याला यायला?"

अठ्ठावीस वर्षांत असं हसू बद्रीनाथच्या वाट्याला आलं नव्हतं. त्याने ओळ घातली, कागद पुन्हा छापून दिला, माणसं जाईपर्यंत मान वर केली नाही. मग उभा राहिला.

"सुदर्शन, ती बाई तरी राहील, नायतर मी तरी."

"अहो काका, एका ओळीपायी..."

"एक ओळ नाय. ती माझ्या वाईटावर हाय. रोज स्क्रीन हलती ठेवून जाती, सांगूनसुद्धा. बसायची जागा घाण करून ठेवती. मला वीट आला, शिसारी आली. तू ठरव."

सुदर्शनने बराच वेळ डोकं खाजवलं. वडिलांच्या वेळचा माणूस. "ठीक हाय," तो शेवटी म्हणाला. "शुक्रवारी आठवडा संपतो. संध्याकाळी सांगतो बाईंना, शनिवारपासून येऊ नका म्हणून."

शुक्रवारी दोन वाजता बद्रीनाथ हलक्या मनाने निघाला. चौकात आल्यावर लक्षात आलं की जेवणाच्या डब्याची पिशवी दुकानातच राहिली. डबा दुसऱ्याच्या हाती पडणं त्याला सोसणारं नव्हतं. तो मागे फिरला, पण कुलूप होतं. बस सोडून तो बंद शटरसमोर उभा राहिला.

तीनला पाच कमी असताना एक लहानखुऱ्या बाई आल्या. साठीच्या जवळ आलेल्या, सुती साडी, हातात किल्ली. पान नाही, मळ नाही. नखं तर त्याच्यापेक्षा बारीक कापलेली. पण त्यांनी शटर वर करायला हात उचलला आणि तो वास आला. तेच तेल. शटर वर गेलं, आणि बद्रीनाथने दाराशीच राहिलेली डब्याची पिशवी उचलली.

"तुम्ही बद्रीनाथ ना?" त्या हसल्या. "डब्याच्या पिशवीवर नाव घातलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. या ना आत. बरं झालं भेटलात, मला विचारायचंच होतं. आता बरोबर सरकते ना?"

"काय?"

"स्क्रीन हो. मला बाई ती हलती नको वाटते. आल्या आल्या बंद करते. पण तुमची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. रोज आठला निघताना आठवणीने तुमच्यासाठी चालू करून जाते. ह्यांना औषध द्यायला उशीर झाला तरी चालेल, पण तेवढं करून जाते. पहिल्या चिठ्ठीनंतर मी ती सावकाश सरकेल अशी केली, म्हटलं तुम्हाला बरं वाटेल. मग तुम्ही 'फार लागते' लिहिलंत, म्हणून आणखी वाढवली. याच्यापुढे मात्र त्यात वाढवायला काही नाही हो."

बद्रीनाथच्या हातातली पिशवी तशीच राहिली. "लागते म्हंजे," तो म्हणाला, आणि थांबला. "लागते म्हंजे, बस लागते ना, तशी लागते."

बाईंना दोन क्षण उलगडा झाला नाही. मग त्यांनी तोंडावर पदर धरला.

"अगं बाई! आणि मी समजत होते, चहा लागतो तशी लागते!"

त्या हसल्या, खूप हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बद्रीनाथला हसता आलं नाही. बाईंनी बसून मेनू उघडला, स्क्रोलच्या पानावर दोन खुणा काढल्या, एक आकडा बदलला. काम इतकंच होतं. "मशीनमध्ये नवं टाकलं तेव्हा हे आपोआप चालू झालं असणार. मला वाटलं, तुमचीच आवड." हे सांगताना त्यांचं बोट स्क्रीनवर गेलं, आणि ताजा फराटा उमटला. बद्रीनाथने नजर वळवली.

त्यांनी ते पाहिलं. "तेल, हो ना? निघतच नाही. आमचे हे दोन वर्षं अंथरुणावर आहेत, एक बाजू गेली. दुपारी त्यांना चोळून निघते. साबणाने तीनदा हात धुते, तरी बोटांत राहतंच. आणि चतुःसीमा तपासताना ओळीवर बोट ठेवायची छापखान्यातली खोड आहे, नाहीतर एखादी दिशा गळायची." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "आता विषय निघालाच आहे तर एक सांगू? राग मानू नका. तुम्ही त्या लिंबाच्या चोखलेल्या साली खणात टाकता. दुपारपर्यंत त्यांना मुंग्या लागतात. सहा आठवडे रोज मीच उचलते त्या, कागदाने. मला हो, अगदी शिसारी येते."

बद्रीनाथ 'येतो' म्हणाला की नाही, हे त्याला नंतर आठवलं नाही. सुदर्शन समोरच्या नोंदणी कार्यालयात असणार, आणि संध्याकाळच्या आत त्याला गाठायचं होतं.

त्या कार्यालयात तो बारा वर्षांत शिरला नव्हता. आत घामाचा वास, कोपऱ्यांत पिचकाऱ्या, भिंतीला टेकलेल्या डोक्यांनी उठवलेले तेलाचे डाग. टेबलावर अंगठा घ्यायचं यंत्र. त्याच्या काचेवर सकाळपासून शेकडो अंगठे टेकून गेले होते, एकावर एक, आणि काच दुधाळ झाली होती. सुदर्शन तिथेच होता, सर्जेरावांना घेऊन.

"सुदर्शन, बाईंना सांगितलं तर नाय अजून?"

"काका! देवासारखे आले. साक्षीदार आलाच नाय. तुम्ही सर्जेरावांना वीस वर्षं ओळखता. आधार कार्ड हाय ना खिशात? द्या अंगठा, मग बोलू."

"आधी माझं ऐक."

"नंबर जाईल काका! दस्तातली दक्षिण गळाली तवा मी ऐकलं ना तुमचं?"

बद्रीनाथने काचेकडे पाहिलं. मधोमध कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा ओला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "चलो चाचा, अंगूठा देना है, जान नहीं." त्याने डोळे मिटले आणि अंगठा टेकवला. काच कोमट होती. यंत्राने पहिला ठसा घेतला नाही. "परत, दाबून," पलीकडचा माणूस म्हणाला. त्याने परत टेकवला, दाबून.

बाहेर आल्यावर अंगठा अंगापासून लांब धरून तो म्हणाला, "बाईंना काढू नको."

"अरे! परवा तर..."

"परवा माझी चूक झाली. बाईंची नाय. मी लिहिलंच तसं."

"काय लिहिलं?"

"ते जाऊ दे. स्क्रीन थांबली. मळमळ थांबली."

सुदर्शनने हातातले कागद बगलेत मारले. "अन् घाण? शिसारी?"

"ती हाय," बद्रीनाथ म्हणाला. "ती माझी मी बघतो." आणि तो नळ शोधायला गेला.

शनिवारी सकाळी स्क्रीन जागच्या जागी उभी होती. ओळी पूर्वीसारख्या खाली खाली गेल्या. फराटाही होता, कालच्यापेक्षा ठळक. त्याने तो पुसला, फडकं चिमटीत धरलं, आणि पोटात ढवळायचं ते ढवळलंच. की-बोर्डखाली एक चिठ्ठी होती, गोल, टपोऱ्या अक्षरांत: 'साली टोपलीत. अनसूया.'

बसमध्ये चोखलेल्या लिंबाची साल अजून त्याच्या खिशात होती. ती त्याने तळहातावर घेतली आणि परक्याच्या वस्तूकडे पाहावं तशी पाहिली. दोन्ही कडांना दातांच्या खुणा, आतला चोथा पांढरा, ओलसर, मीठ लागून चिकट झालेला. सहा आठवडे अशी साल त्याच्या ओठांतून सरळ खणात गेली होती आणि त्याने एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं.

त्याला शिसारी आली. दाराशी जाऊन त्याने साल टोपलीत टाकली, परत आला, खण बाहेर ओढून काढला आणि फडकं ओलं करून आतून पुसायला बसला.